बेने इस्रायलांची मराठी : आघात, स्थलांतर आणि समाजाची ओळख

एखाद्या समाजाची सांस्कृतिक ओळख कशी घडते, ह्या प्रश्नाच्या चर्चेत अलीकडे दोन संज्ञा हटकून पुढे येतात. एक ऐतिहासिक आघाताची आणि दुसरी जागतिकीकरणाची. आघात समाजाला स्वतःभोवती गोळा करतो आणि जागतिकीकरण त्याला पातळ करीत नेते, असा ह्या चर्चेचा सर्वसाधारण रोख असतो. दोन्ही पक्षी समाज मात्र निष्क्रिय मानलेला असतो. त्याच्यावर काही तरी येऊन आदळते आणि त्याचा आकार बदलतो, एवढेच. ही मांडणी कितपत टिकते, हे पाहण्यास कोकणातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण फार उपयोगी आहे. ह्या समाजाच्या इतिहासात आघातही आहेत आणि समुद्रापलीकडील संबंधही आहेत. शिवाय त्याने आपल्या ओळखीच्या खुणा ज्या भाषेत जपल्या ती मराठी असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला तो पुरावा मुळातून तपासता येतो.

समाजाची उत्पत्तिकथा सुपरिचित आहे. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते तेथेच पुरण्यात आली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांनी कोकणातील गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावांच्या नावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, राजपूरकर अशी शंभराहून अधिक आडनावे पडली. हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३०–१९०८) ह्यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला इंग्रजी इतिहास हा ह्या कथेचा मुख्य आधार होय. हे आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील, असे केहिमकरांचे मत होते. त्या शतकातील मक्काबींच्या विजयाची आठवण म्हणून पाळला जाणारा हनुका हा सण समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता, हे त्या मताच्या बाजूने नेहमी सांगितले जाते.

अज्ञानावरून कालनिर्णय करण्याची ही पद्धत चिकित्सेला उतरत नाही. एखादा सण समाजात नाही ह्याची कारणे अनेक असू शकतात. तो पूर्वी होता आणि मागाहून विसरला गेला, हेही त्यांपैकी एक आहे. कथेचा घाटही एकाकी नव्हे. समुद्रातून किनाऱ्यावर आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने सजीव केल्याची चित्पावनांची उत्पत्तिकथा त्याच किनाऱ्यावरची आहे, आणि तेथेही संख्या चौदाच आहे. एका कथेने दुसरीपासून उसने घेतले की दोन्हींनी किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या कथाबीजाचा आश्रय केला, हे सांगण्यास साधन नाही. परंतु कथेतील एक तपशील केवळ बेने इस्रायलांचा आहे, आणि तो म्हणजे बुडालेले ग्रंथ. चित्पावनांच्या कथेला त्याची गरज नाही, कारण ‘तुमचे ग्रंथ कोठे आहेत?’ असे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

हा प्रश्न विचारला गेला तो बाहेरून आलेल्यांकडून. ह्या समाजाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना निःसंदिग्ध बाह्य उल्लेख १७३८ सालचा आहे. सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने त्या वर्षीच्या पत्रात अशा एका लोकसमूहाचे वर्णन केले आहे, की जो सुंता करतो, पण ज्याच्याजवळ बायबल नाही आणि ज्याला ‘शेमा’ ह्या एका प्रार्थनावचनापलीकडे काही येत नाही. समाजाच्या आठवणीत डेव्हिड राहाबी नावाच्या एका परदेशी यहुद्याची कथा आहे. त्याने बायकांना मासळी रांधावयास दिली आणि खवले व पर असलेली मासळी त्यांनी वेगळी काढल्यावर हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. हा राहाबी नेमका कोण व केव्हाचा, ह्याविषयी एकवाक्यता नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रसंग परीक्षेचा आहे. आघाताच्या कथेचे कार्य येथे स्पष्ट होते. गलबत फुटले असो वा नसो, ती कथा परीक्षकाला दिलेले उत्तर आहे. आमचे ज्ञान तोकडे आहे, पण त्याचा दोष समुद्राकडे जातो, असे ती सांगते. एखादा समाज आपल्या भूतकाळातील अनेक आपत्तींपैकी एकच पुन्हा पुन्हा सांगतो, त्या आपत्तीला व्हामिक व्होल्कान ह्या मनोविश्लेषकाने ‘निवडलेला आघात’ अशा अर्थाची संज्ञा योजिली आहे. तीत भर अशी घालावी लागेल, की ही निवड करताना समोर कोण उभा आहे याला महत्त्व असते.

परीक्षक येण्यापूर्वी समाज स्वतःशी कोणत्या शब्दांत बोलत होता? ह्याचा सर्वांत बोलका पुरावा सणांच्या जुन्या मराठी नावांत सापडतो, आणि आजवरच्या चर्चेत त्याचा जेवढा उपयोग व्हावयास हवा होता तेवढा झालेला नाही. वर्षारंभाचा सण तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा उपवास, ज्या दिवशी घराची दारे लावून आत बसावयाचे, तो ‘दार फाळणीचा सण’. येथील ‘फाळणी’ आजच्या नागर मराठीतील अर्थाने अर्थातच घ्यावयाची नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो ‘शिळा सण’. आणखी एक ‘खिरीचा सण’. पुरीम हा शिमग्याच्या सुमारास येतो म्हणून त्याला सरळ ‘होळीचा सण’ म्हणत. मिसरातून झालेल्या सुटकेचा उत्सव तो ‘अनशी ढाकायचा सण’, म्हणजे आंबट द्रव ठेवण्याचे भांडे झाकून ठेवण्याचा. आणि जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाचा उपवास तो ‘बिरड्याचा रोजा’.

ह्या नावांची घडण पाहण्यासारखी आहे. बहुतेक नावे षष्ठ्यन्त पद अधिक ‘सण’ किंवा ‘रोजा’ अशा एकाच साच्याची आहेत, आणि त्या षष्ठ्यन्त पदात कृती आहे, काळ आहे, नाही तर खाद्यपदार्थ आहे. घटना कोठेच नाही, व्यक्ती कोठेच नाही, स्थळही नाही. मिसर, एस्तेर, मंदिर ह्यांपैकी एकही शब्द नाही. सणाचा आशय ग्रंथातून नव्हे तर घरातील व्यवहारातून चालत आल्याची ही खूण आहे. ‘अनशी ढाकायचा सण’ हे नाव तर विशेष अर्थपूर्ण आहे. मूळ निर्बंध आंबवलेल्या भाकरीचा. भात खाणाऱ्या कोकणात अशी भाकरी रोजच्या जेवणात नव्हतीच. निर्बंधाचा विषय नाहीसा झाला तरी ‘आंबट ते आठ दिवस दूर ठेवावयाचे’ एवढा गाभा उरला आणि तो स्वयंपाकघरातील एका भांड्याला जाऊन चिकटला, असे दिसते. आठवण अशा तऱ्हेने टिकते तेव्हा ती टिकवणारी सामान्यतः घरातील स्त्री असते. समाजाच्या इतिहासग्रंथांत तिचा उल्लेख मासळीच्या परीक्षेपुरता येतो, ही त्या ग्रंथांची मर्यादा होय.

‘बिरड्याचा रोजा’ ह्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. मंदिराचा विध्वंस हा यहुदी परंपरेतील सर्वांत मोठा आघात. जगभरच्या यहुद्यांनी त्यावर शोकगीते रचिली. कोकणात त्याच दिवसाला मोड आलेल्या, सोललेल्या वालांचे नाव मिळाले. कित्येकांना ह्यात विस्मरण दिसेल. हा रोजा प्राचीन काळापासून चालत आला की कोचीनच्या शिक्षकांनी मागाहून शिकविला, ह्याचाही वाद आहे. नावाच्या रूपावरून तो सुटणार नाही, कारण रूप वयाची साक्ष देत नाही. नाव एवढेच सांगते, की तो दिवस कोणीही शिकविला असला तरी ज्यांनी तो स्वीकारला त्यांनी त्याला आपल्या परसातल्या वस्तूने ओळखले. किंचित कडवट वाल आणि शोकाचा दिवस ह्यांच्यात काही अर्थसंबंध त्यांच्या मनात होता काय, हे नावावरून ठरत नाही. परंतु ज्या दिवसाला नाव आहे, ठरलेला पदार्थ आहे आणि उपवास आहे, तो दिवस विसरला गेला असे म्हणता येत नाही. आघाताची आठवण म्हणजे आघाताची कथा, हे समीकरण अपुरे आहे, एवढे ह्यावरून निश्चित होते.

शब्दसंग्रहाचा दुसरा थर फारसी-अरबीचा आहे. उपवास तो ‘रोजा’, त्यांपैकी एक संपूर्ण महिन्याचा ‘रमजान’, प्रार्थनामंदिर ती ‘मशीद’, विधी चालविणारा तो ‘काजी’. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधिले, तेही लोकांच्या तोंडी मशीदच. ‘सामाजी’ म्हणजे सॅम्युएल आणि ‘हसाजी’ म्हणजे इझिकेल. नावेदेखील ‘-जी’ प्रत्यय लावून मराठी करून घेतलेली. एकेश्वरी उपासनेसाठी लागणारे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून घेतले, ऋतू व अन्न ह्यांचे शब्द हिंदू शेजाऱ्यांचे, आणि हिब्रू मात्र ‘शेमा’ व समाजाच्या नावापुरती. यिडिश किंवा लादिनो ह्या यहुद्यांच्या भाषा हिब्रू लिपीत लिहिल्या जात. बेने इस्रायलांनी छापलेली मराठी देवनागरीत आहे. ह्या समाजाच्या बोलीला ‘यहुदी-मराठी’ असे स्वतंत्र भाषेचे नाव देण्याची काही परदेशी अभ्यासकांची प्रवृत्ती ह्या दृष्टीने मान्य होण्यासारखी नाही. ती उत्तर कोकणातील मराठीचीच एक सामाजिक छटा होय. वेगळेपण भाषेत नव्हते. ते शनिवारच्या बंद घाण्यात होते.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. ज्याला आज जागतिकीकरण म्हणतात त्याची ही पहिली लाट म्हणावयास हरकत नाही. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढिल्या, बायबलची मराठी भाषांतरे केली. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. घडले ते उलटेच. समाजाला आपला धर्म छापील मराठीतून सापडला. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेला हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ग्रंथ, निघाला. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यांत आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनी प्रार्थनाग्रंथांची भाषांतरे करून ह्या कार्याला विद्वत्तेची बैठक दिली.

ह्या कालखंडातील साहित्यदृष्ट्या सर्वांत लक्षणीय निर्मिती म्हणजे बेने इस्रायलांचे कीर्तन. त्याचा आरंभ मुंबईत १८८० च्या सुमारास झाला आणि त्यात बेंजामिन शिमशोन अष्टमकर ह्यांचे नाव प्रमुख आहे. घाट सर्वस्वी महाराष्ट्रीय : पद, साकी, दिंडी, आर्या आणि मधून मधून गद्य निरूपण. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. ह्या रचनांची वाङ्मयीन योग्यता समसमान नाही. त्यांत दोन मराठी शेजारी नांदतात, एक मिशनऱ्यांच्या भाषांतरातून आलेली, शब्दाला शब्द लावणारी, आणि दुसरी हरिदासांच्या परंपरेतून आलेली, नादावर चालणारी. जेथे कथेत भाऊबंदकी आहे, विरह आहे, भेट आहे, तेथे दुसरी सहज जिंकते. योसेफाचे आख्यान मराठी श्रोत्याला परके वाटण्याचे कारणच नाही. जेथे नियमशास्त्र सांगावयाचे असते तेथे पहिली वरचढ होते आणि रचना अडखळते. परंतु ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जो समाज आपल्या सणांना घटनेचे नाव देत नव्हता, तो ह्या कीर्तनांतून प्रथमच घटना सांगू लागला. ‘होळीचा सण’ जाऊन ‘पुरीम’ आला तो बहुतांशी मराठीतूनच आला. जगातील इतर यहुद्यांसारखे होण्याचे साधन मराठी ठरली, आणि त्याच वेळी जुनी मराठी नावे मागे पडली.

जगाशी जोडले जाण्याची किंमतही मोजावी लागली. मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी यहुद्यांनी ह्या समाजाच्या शुद्धतेविषयी शंका घेतली. सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना धरण्यास काहींनी नकार दिला, आणि दफनभूमीत मध्ये भिंत असावी अशी मागणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सरकारकडे केली. हे सांगताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. समाजाच्या आतही ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असा भेद होता, आणि मिश्र विवाहाची संतती मानलेल्या दुसऱ्या वर्गाशी पहिला वर्ग सोयरीक करीत नसे. ज्यांना वंशाचा प्रश्न विचारला गेला त्यांनी तोच प्रश्न आपल्यांतल्यांना विचारला होता. समाजाच्या गौरवपर लेखनात ह्या भेदाला एखादी ओळ मिळते, हे त्या लेखनाचे मोठे वैगुण्य होय.

१९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाले. तोपर्यंत सुमारे वीस हजारांच्या घरात गेलेल्या ह्या समाजातील बहुसंख्य लोक पुढील दोन-तीन दशकांत तिकडे गेले. तेथील प्रारंभीचा अनुभव इतका कटू होता, की १९५१–५२ मध्ये काहींनी सत्याग्रह करून परत पाठविण्याची मागणी केली आणि एक लहान गट भारतात परतलाही. त्यापेक्षा खोल जखम १९६२ ची. मुख्य धर्मपीठाने त्या वर्षी विवाहनोंदणी करणाऱ्यांना असा आदेश दिला, की बेने इस्रायल वधूवरांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. विवाह व घटस्फोट ह्यांचे यहुदी नियम कोकणात पाळले गेले होते काय, ही शंका त्यामागे होती. समाजाने मोर्चे काढिले, जेरुसलेममध्ये धरणे धरिले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत असे घोषित केले आणि धर्मपीठाने आदेशातील समाजाचा नामोल्लेख काढून टाकिला.

ह्या वादातील एक गोष्ट भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. आम्ही शतकानुशतके आपल्यातच विवाह केले, बाहेरचे रक्त घेतले नाही, असे समाजाच्या बाजूने सांगितले जाई. हा यहुदी धर्मशास्त्रातील युक्तिवाद दिसतो, परंतु त्याला बळ देणारी वस्तुस्थिती कोकणातील जातिव्यवस्थेची आहे. शनिवार तेली ही गावाच्या दृष्टीने एक जात होती, आणि जातीबाहेर सोयरीक न करणे हा गावाचा नियम होता. कोकणने लावलेली चाकोरी जेरुसलेममध्ये शुद्धतेचा दाखला म्हणून मांडावी लागली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिकी संशोधनाने समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंशांश दाखविले. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या आग्रहातील ताठरपणा ओसरावयास हवा होता. पण वंशाच्या प्रश्नाचे उत्तर वंशाने देऊ लागले म्हणजे प्रश्नच मान्य केल्यासारखे होते, ही अडचण उरतेच.

इस्रायलात ओळखीच्या खुणांचे मोल उलटे झाले. कोकणात शनिवार, सुंता आणि शेमा ह्यांनी हा समाज वेगळा दिसे. जेथे सर्वच शनिवार पाळतात तेथे ह्या गोष्टींनी कोणी वेगळा ठरत नाही. तेथे वेगळेपण ठरते ते मराठीने, लग्नापूर्वीच्या मेंदीने आणि मलिद्याने. पोहे, ओले खोबरे, साखर व फळे ह्यांचा हा प्रसाद एलियाहू नबीच्या नावाने करितात. अलिबागजवळ खंडाळे येथे त्या नबीच्या रथाची खूण मानलेला खडक आहे. आता हायफा येथील एलियाहूच्या गुहेतही मलिदा होतो. ‘मलिदा’ हा शब्द फारसी, पद्धती मुसलमान पिरांच्या प्रसादाशी नाते सांगणारी, साहित्य कोकणचे आणि नबी बायबलमधील. आज हा विधी बेने इस्रायलांचा खास विधी म्हणून ओळखला जातो. ज्या गोष्टींकडे एके काळी अज्ञानाचा पुरावा म्हणून बोट दाखविले जाई, त्याच वारसा म्हणून मिरविल्या जात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याने येथे उरलेल्या काही हजार लोकांचे वेगळेपण पुन्हा धर्मावर नेऊन ठेविले. एकच समाज, एकाच काळात, दोन देशांत दोन परस्परविरुद्ध खुणांनी ओळखला जातो.

इस्रायलातून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकात निघू लागले, तेथे मराठी नाटके झाली, मेळावे भरले. महाराष्ट्रातील वृत्तपत्रे ह्याविषयी मोठ्या अभिमानाने लिहितात. तो अभिमान बव्हंशी महाराष्ट्राचा स्वतःविषयीचा आहे. भाषा बोलली जाणे आणि भाषा दाखविली जाणे ह्या दोन भिन्न अवस्था आहेत. स्थलांतर करून गेलेल्या पिढीची मराठी पहिल्या अवस्थेत होती. तेथे जन्मलेल्यांची घरची, शाळेची आणि सैन्यातली भाषा हिब्रू आहे. त्यांच्या तोंडी मराठी उरते ती मुख्यतः पदार्थांच्या नावांत, नात्यांच्या संबोधनांत आणि विधींच्या शब्दांत. भाषा अशा तऱ्हेने आक्रसते तेव्हा तिचे भावनिक वजन वाढते आणि वाक्यरचना नाहीशी होते. हे वजन पाहून भाषा जिवंत असल्याचा निर्वाळा देणे शास्त्राला धरून होणार नाही. नव्याच्या सणाला होणारा चिकाचा हलवा हिब्रू वाक्यात ‘हलवा’च राहतो, पण त्या वाक्यात ‘चा’ हा प्रत्यय बोलणाऱ्याला प्रत्यय म्हणून जाणवत नसतो.

ह्या अवस्थेचा खरा भार कीर्तनांवर पडला आहे. ती पदे गाणाऱ्यांत वयस्क स्त्रियांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांतील अनेकींना ती पाठ आहेत. छापील संहिता देवनागरीत आहेत. ज्यांच्या आजोबांनी त्या रचल्या ते वाचक आज हिब्रू लिपीत वाचतात. उलट ज्यांना साकी आणि दिंडी चाल लावून म्हणता येतात, त्या महाराष्ट्रातील वाचकांना आख्यानामागचा मूळ हिब्रू संदर्भ उमगत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी ह्या रचनांची दखल घेतली ती धर्मप्रचारपर किरकोळ वाङ्मय म्हणून, आणि यहुदी साहित्याच्या इतिहासांनी त्या एका दूरच्या बोलीतील कुतूहलाची वस्तू म्हणून. अष्टमकर आणि त्यांच्या समकालीनांच्या संहितांची पाठभेदांसह, चालींच्या नोंदींसह आणि दोन्ही परंपरांतील संदर्भ उलगडणाऱ्या टिपांसह आवृत्ती करावयाची, तर देवनागरी, हिब्रू आणि हरिदासी कीर्तनाचे अंग ह्या तिन्हींची जाण एका संपादकात किंवा एका संपादकमंडळात असावी लागेल. पाठ म्हणणाऱ्या स्त्रियांकडून चाली उतरवून घेण्याचे काम त्याआधीचे आहे, आणि त्याला छापील प्रतींइतका अवकाश नाही.